फाटकाच्या आतली स्कूटर

आमच्या बाबांनी उभ्या टेंपोला धडक दिली. चालत्या नव्हे, उभ्या. बाजाराच्या कोपऱ्यावर भाजी उतरवत असलेला, पुलावरूनही दिसेल एवढा मोठा टेंपो. हनुवटीला चार टाके पडले, स्कूटरचं तोंड वाकडं झालं, आणि बाबा टाके घालून घेता घेता डॉक्टरांना सांगत होते, "टेंपो चुकीच्या जागी उभा होता."

"मग कुठे उभा राहायला हवा होता त्याने?" मी विचारलं.

"मी बघत होतो तिकडे."

त्याच दिवशी मी त्यांच्या बिनगिअरच्या स्कूटरची किल्ली पर्समध्ये टाकली आणि आचोळ्याला माझ्या घरी घेऊन आले. खरं तर हे काम मला आईनेच सांगितलं होतं. आईचं माहेर अर्नाळ्याकडचं, तिच्या बोलण्यात 'ण' औषधालाही सापडत नाही. "तू लाडकी ना त्यांची, तूच काढून घे," ती स्वयंपाकघरात कुजबुजली. "माझं कोन ऐकतंय? पन मी सांगितलं म्हनून बोलू नको हां." म्हणजे वाईट मी. ठीक आहे. घरात कुणीतरी वाईट लागतंच, आणि मला सवय आहे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांना सुया टोचते. माझ्याकडे कुणी हसत येत नाही.

बाबा पंच्याहत्तरीला आलेले. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते, आणि कामावर जायच्या आधी वाडीतली फुलं बाजारात पोचवायची ती स्कूटरवरूनच. निवृत्त झाल्यावर तर दिवसातून तीनदा बाहेर. लिंबं आणायला एकदा, लिंबं महाग होती हे सांगायला दुसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा उगीच. त्यामुळे स्कूटर काढून घेणं म्हणजे त्यांचे पाय काढून घेणं, हे मला कळत होतं. पण चार टाकेही मला दिसत होते.

दोन आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत. फोन केला की आई फोन त्यांच्या कानाला लावायची, ते "हं" म्हणायचे आणि मान फिरवायचे. तिसऱ्या आठवड्यात आईचाच फोन आला. आवाज दबलेला. "अगं, ते मागच्या पडवीत गेलेत. जुनी बाहेर काढतायत."

जुनी म्हणजे आमची जुनी स्कूटर. मी शाळेत असताना नंबर लावून, कित्येक वर्षं थांबून मिळालेली, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पिणारी, निळा धूर सोडणारी. नवी आल्यापासून ती पडवीत ताडपत्रीखाली पडून होती. कोंबड्या तिच्या पायरीवर अंडी घालायच्या, सीटवर आई नारळाच्या सोडणांची पोती ठेवायची. मी रविवारी पोचले तेव्हा बाबा अंगणात पाइप घेऊन, म्हशीला धुवावं तसं तिला धूत होते.

"बाबा, हे काय चाललंय?"

"तुला काय त्याचं? किल्ली तुझ्याकडे आहे ना? ठेव सांभाळून." त्यांनी पाइप माझ्या चपलांवरून नेला, मुद्दाम. "हिला किल्ली लागत नाही."

आणि ते खरं होतं. त्या गाडीला चालू करायला लाथ आणि बंद करायला बटण, एवढाच कारभार. किल्ली होती ती नुसती हँडल लॉक करायची, आणि ती मी दहावीत असतानाच हरवली होती. मला हसू आलं. मी म्हटलं, "आधी चालू तर करून दाखवा."

"केली तर?"

"तर चालवा."

"शब्द?"

मी म्हटलं, "शब्द. पण घरीच दुरुस्त करायची. मेकॅनिक बोलवायचा नाही." मी काही कच्च्या गुरूची चेली नव्हते. गावातला अशा गाड्या जाणणारा शेवटचा मेकॅनिक आता मोबाइलची कव्हरं विकत होता, हे मला ठाऊक होतं, पण उगीच धोका कशाला घ्या? शिवाय बाबांची बोटं हल्ली थरथरत होती. चहाची बशी त्यांच्या हातात खुळखुळ वाजायची. ही गाडी जन्मात चालू होणार नाही, पण म्हातारा कामाला लागेल आणि टेंपोपासून लांब राहील, असा माझा हिशोब.

बाबा म्हणाले, "मग माझाही शब्द घे. चालू झाली तरी तू तुझ्या कानांनी ऐकून हो म्हणेपर्यंत मी हिला फाटकाबाहेर काढणार नाही."

असा आमचा करार झाला. दोघांनाही वाटत होतं, समोरचा फसला.

बाबांची काम करायची एक पद्धत होती. सुटा केलेला प्रत्येक भाग जुन्या चादरीवर डावीकडून उजवीकडे, निघाला त्या क्रमाने मांडायचा. शेजारी खडूने आकडा. बसवताना उजवीकडून डावीकडे यायचं. "डोक्यावर भरवसा ठेवायचा नाही, चादरीवर ठेवायचा," हे त्यांचं वाक्य. चादर ओटीवर पसरलेली, त्यामुळे आईला ओटी झाडायची बंदी. आठवड्याभरात चादरीवर बासष्ट आकडे झाले आणि आई सत्तरीत उड्या मारत घरात जायला लागली. "मेली एवढीशी गाडी," ती म्हणायची, "पोटात किती ते सामान! मसाल्याचा डबा पन एवढा भरत नाय."

पिस्टन अडकून बसला होता. त्यात ऑइल ओतून पंधरा दिवस वाट बघितली, मग लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकून काढला. सिलिंडर आतून घासून घ्यायला लेथ लागणार होती. मी करार दाखवला. बाबा वकिलासारखे म्हणाले, "लेथवाला म्हणजे मेकॅनिक नव्हे." आणि तो काळाकुट्ट सिलिंडर औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या ओळखीच्या लेथवाल्याकडे कुणी नेला? मी. भाजीच्या पिशवीत, वर कोथिंबीर. ती कोथिंबीर मग आईने घेतली नाही, मलाच घरी न्यावी लागली.

मी यात ओढली गेले ती एका चिमुकल्या रिंगेपायी. पिस्टनच्या पिनेला दोन्ही बाजूंना एकेक तारेची रिंग बसवायची असते. स्प्रिंगसारखी असते, चिमटा जरा हलला की उडते. बाबांनी पहिल्यांदा बसवली, उडाली, मी शोधून दिली. दुसऱ्यांदा उडाली. तिसऱ्यांदा त्यांनी श्वास रोखून धरला, तरी बोटं थरथरलीच. चौथ्यांदा ती थेट आईच्या पिठाच्या परातीत गेली. आई काहीतरी बोलणार होती, पण बाबांचं तोंड बघून पीठ चाळायला लागली.

बाबांनी चिमटा माझ्यापुढे धरला. मी घेतला. तान्ह्या पोरांच्या मनगटात शीर शोधणारी बोटं माझी, ती रिंग एका दमात बसली. बाबांनी भिंग लावून पाहिली, आणि म्हणाले, "दुसऱ्या बाजूची पण बसव." शाबासकी वगैरे देण्याची आमच्याकडे पद्धत नाही. पण मला इतका आनंद झाला की मी दुसरीही बसवली. स्वतःच्या पायावर स्वतःच्याच हाताने धोंडा, तोही दोन्ही बाजूंनी!

तिथून पुढे त्यांचं डोकं आणि माझे हात, असं काम सुरू झालं. आणि बाबांना कळून चुकलं की मला खूश ठेवलं तर काम चालणार. म्हणून मग 'सुरक्षा' सुरू झाली. ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं, का? "रस्त्यात बंद पडायला नको, सुरक्षा." आधीचा दिवा देवघरातल्या समईएवढा, तो काढून एलईडी. सुरक्षा. दोन्ही बाजूंना आरसे. सुरक्षा. पुढचा ब्रेक मोठा, टायर नवे, हॉर्न असा की गल्लीतली कुत्री उठून बसावीत.

"एवढी सुरक्षा लावलीत की बसायला जागा राहणार नाही," मी म्हटलं.

"मग तुझीच काळजी मिटेल."

लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर क्लचप्लेटचे व्हिडिओ बघायला लागले. घरी नवऱ्याला ऑइल सीलचं महत्त्व समजावून सांगितलं. तो बिचारा आमटीत भात कालवत ऐकत होता. मी कोणाच्या बाजूने आहे हे माझं मलाच आठवेनासं झालं होतं.

आठवलं ते एका रविवारी, चादरीकडे नजर गेली तेव्हा. चादर रिकामी होती. फक्त एका थाळीत कार्बोरेटर उघडलेला, बाकी सगळे आकडे पुसलेले. गाडी अंगणात उभी, लिंबाच्या रंगाची, आरशात आकाश. म्हणजे आता ही चालू होणार, आणि मी शब्द दिला होता. गावाच्या रस्त्यावर ठीक आहे हो, तिथे सायकली आणि कोंबड्या. पण पुढे मुख्य रस्ता आहे, आणि त्याच्यावरून पाण्याचे टँकर धावतात. टेंपो निदान उभा तरी होता. टँकर उभा राहत नाही.

बाबा अंघोळीला गेले होते. कार्बोरेटरमधले जेट थाळीत होते, पितळेचे दोन तुकडे, हरभऱ्यापेक्षा थोडे मोठे, मधोमध केसाएवढं भोक. त्या भोकातून पेट्रोल जातं. भोक बंद तर गाडी बंद. लॅबमध्ये काचपट्टीवर ठेवलेली पातळ काच हलू नये म्हणून आम्ही कडेने बिनरंगाचं नेलपॉलिश लावतो, ती बाटली माझ्या पर्समध्येच असते. सुईच्या टोकाने एकेक थेंब. फुंकर. मी जेट उजेडाकडे धरून पाहिले, आरपार काही दिसेना. मग थाळीत होते तसे ठेवून दिले आणि नळावर जाऊन साबणाने हात धुतले. हात धुताना मला स्वतःची भयंकर लाज वाटली. पण पुसून होईपर्यंत मी मनाशी म्हटलं, बाप जिवंत राहू दे, लाज काय, जाईल.

कार्बोरेटर मीच बसवला. आणि आता गंमत बघा. बाबांच्या गुडघ्याने किक मारता येत नव्हती. म्हणजे कोण मारणार? जिने गाडीचा गळा बंद केला तीच. मी वीस किक मारल्या, पंचवीस मारल्या. गाडी ढिम्म.

बाबा खुर्चीत बसून बघत होते. चिडले नाहीत. "इतकी वर्षं झोपली होती," ते म्हणाले, "उठायला वेळ लागायचाच. बघू पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी पुन्हा तीस किक. "काय वाटतं तुला, काय असेल?" बाबांनी विचारलं, अगदी निरागस तोंडाने.

"प्लग असेल," मी म्हटलं.

"प्लग? बरं. प्लग बदलू." त्यांनी खडूने भिंतीवर लिहिलं, प्लग. त्याच्या पुढच्या रविवारी मी कॉइल म्हटलं, तर कॉइल लिहिलं. मला वाटलं, म्हातारा थकला, विचारायला लागला. जरा वाईटही वाटलं. उजव्या पोटरीचा तर दगड झाला होता. रोज संध्याकाळी बाम चोळताना नवरा विचारायचा, "स्कूटर दुरुस्त करतेस की शेत नांगरतेस?"

त्याच रविवारी शेजारच्या मावशी चर्चमध्ये मिस्सा आटोपून येताना कुंपणापाशी थांबल्या. चांगल्या घुश्शात होत्या. "बुधवारी तुमच्याकडे डासांचा धूर मारायला आले होते ना? एवढा धूर! आमच्याकडे नाही आले. डास काय तुमचेच चावतात?"

बाबा म्हणाले, "मशीन बिघडली त्यांची अर्ध्यात."

आई एकदम दूध बघायला आत पळाली. गॅसवर दूध नव्हतंच. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि मला, जी सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाचा एक जंतू शोधून काढते तिला, काहीही दिसलं नाही. मी निमूट एकतिसावी किक मारली.

मग एका बुधवारी लॅबमधलं यंत्र बंद पडलं आणि आम्हाला दुपारीच सुट्टी मिळाली. आईच्या साखरेचा रिपोर्ट माझ्याकडे होता. म्हटलं, देऊन येऊ. रिक्षा चर्चपाशी सोडली आणि बावखलाच्या कडेने चालत निघाले. तळ्यावर नेहमीसारखी बगळ्यांची सभा भरलेली. केळीच्या वाडीपाशी वळले आणि तो आवाज आला.

तो आवाज मी हजार गाड्यांत ओळखीन. लहानपणी संध्याकाळी गणितं घेऊन ओटीवर बसायचे ती तो आवाज यायची वाट बघत. तो वळणावर आला की वही मिटायची. अंगावर काटा आला माझ्या, भर दुपारी, हातात लघवी-रक्ताचे कागद घेऊन.

फाटक सताड उघडं होतं. अंगण निळ्या धुराने भरलेलं. बाबा स्कूटरवर बसलेले, पण गाडी जागच्या जागी. स्टँडखाली वीट सरकवून मागचं चाक अधांतरी केलेलं, ते गरगर फिरत होतं. बाबांनी डोळे मिटले होते. डाव्या मुठीने गिअर बदलत होते. उजवा इंडिकेटर लावला, आवाज कमी केला, पायाने ब्रेक दाबला, मान फिरवून आरशात बघितल्यासारखं केलं, पुन्हा गिअर टाकला.

आई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. ती ओरडून म्हणाली, "कुठपर्यंत पोचलात?"

"पारनाका आला," बाबांनी डोळे न उघडता सांगितलं.

"मग येताना लिंबं आना."

मी फाटकात उभी राहिले. माझ्याने आत जाववेना आणि मागे फिरवेना. आईनेच मला आधी पाहिलं आणि तिच्या मांडीवरचं ताट सांडलं. बाबांनी डोळे उघडले, मला बघितलं, आणि आधी नीट, सावकाश, गाडी न्यूट्रलला आणली. मग बटण दाबलं.

"रिपोर्ट आनलेस?" आई म्हणाली. त्या क्षणी तिला दुसरं काही सुचलं नाही.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"पहिल्या सोमवारपासून," बाबा म्हणाले. "रविवारी तू किक मारून गेलीस. सोमवारी मी प्लग काढला तर कोरडा. म्हणजे पेट्रोल येत नाही. कार्बोरेटर उघडला. अगं, कार्बोरेटरमधला कचरा काळा असतो. हा काचेसारखा. असला कचरा तुमच्या लॅबशिवाय कुठे मिळतो?"

"मग?"

"मग नवे जेट आणले. किक मारायला तुझी आई आहे की. दिसते तशी नाही ती."

"आणि रविवारी?"

"शनिवारी संध्याकाळी तुझे जेट परत लावायचो." ते आता हसायला लागले होते, हनुवटीवरचा व्रण ताणला जात होता. "तू लावलेली वस्तू, मी कशाला फेकू? तुला लाथा मारायची हौस होती, म्हटलं मारू दे. प्लग म्हणाली! कॉइल म्हणाली! भिंतीवर लिहून ठेवलंय सगळं."

आईने पदर तोंडात कोंबला होता. मला आधी राग आला. मग तो राग कुणावर करायचा ते कळेना, आणि डोळ्यांत पाणीच आलं. "फाटक उघडं होतं," मी म्हटलं. "गाडी चालू होती. मी आचोळ्याला. इतके दिवस तुम्ही गेला का नाहीत?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दोन अधिक दोन किती ते विचारलं होतं. "तू हो कुठे म्हणाली होतीस?"

मी शब्द देऊन नेलपॉलिश लावलं होतं, आणि हा माणूस शब्द देऊन विटेवर बसून बाजारात जात होता. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी पर्स ओटीवर आपटली. "काढा वीट. हो म्हणते मी. ऐकलं ना? हो. कागदपत्रांचं नंतर बघू. आत्ता चला, मुख्य रस्त्यापर्यंत. मी मागे बसणार."

"आत्ता?"

"आत्ता."

आई धावत दोन हेल्मेटं घेऊन आली. बाबांचं तिनेच बांधलं, लहान मुलाचं टोपरं बांधावं तसं. किक मी मारली, आणि गाडी एका किकमध्ये चालू झाली.

आणि काय सांगू, बाबा सुंदर चालवत होते. गिअर बदलले ते कळलेसुद्धा नाहीत. वळणावर हॉर्न, खड्ड्याच्या आधी ब्रेक, समोर कोंबडी आली तर तिलाही वाट. माझे हात त्यांच्या खांद्यावर होते, ते खांदे सैल होते. कित्येक महिन्यांनी सैल. शेजारच्या मावशी अंगणात कपडे वाळत घालत होत्या, त्यांना बाबांनी हॉर्न दिला. त्यांनी आधी आमच्याकडे बघितलं, मग मागच्या धुराकडे, आणि त्यांचं तोंड उघडं राहिलं. मी मागे बसून मोठ्याने हसत होते. मनात म्हणत होते, मी गाढव. मी अन्याय केला. उद्याच नव्या स्कूटरची किल्ली आणून देते.

मुख्य रस्ता आला. उजवीकडे वळायचं होतं. बाबांनी गाडी थांबवली, इंडिकेटर लावला, उजवीकडे बघितलं. एक टँकर गेला. मग रस्ता मोकळा झाला. बाबा थांबलेलेच. डावीकडून दोन रिक्षा गेल्या, पुन्हा रस्ता मोकळा, चार बैलगाड्या जातील एवढा. बाबा हलले नाहीत. मागचा रिक्षावाला हॉर्न मारून मारून शेवटी आम्हाला वळसा घालून गेला, जाताना काहीतरी बोलूनही गेला.

मला वाटलं, मी मागे आहे म्हणून जपतायत. "जा ना, बाबा."

त्यांनी क्लच तसाच दाबून धरला होता.

"ती मोटरसायकल," ते म्हणाले, "लांब आहे की जवळ?"

"लांब आहे. पार त्या झाडापाशी."

"आणि मागचा टँकर?"

टँकर मोटरसायकलच्या मागे नव्हताच. तो कधीच तिच्या पुढे आला होता, आमच्यापासून वीस पावलांवर होता. तो धडधडत गेला, गाडी त्याच्या वाऱ्याने हलली, पाण्याचे शिंतोडे आमच्यावर उडाले.

"मला दोन्ही सारखेच दिसतात गं," बाबा म्हणाले.

सहा महिने मी हेच सांगत होते. डॉक्टरांना, नवऱ्याला, आईला, ज्याला त्याला. मला जिंकायचं नव्हतं असं नाही, जिंकायचंच होतं. पण त्यांच्या तोंडून असं, पाठमोरं, हेल्मेटच्या आतून नव्हतं ऐकायचं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. चष्म्याचा नंबर बदलला असेल, पुन्हा डॉक्टरांना दाखवू, असं काहीही. 

बाबांनी गाडी बंद केली. उतरले. हँडल माझ्या हातात दिलं. "पुढे हो."

"मला हातातले गिअर येत नाहीत."

"म्हणूनच म्हणतो, पुढे हो."

गाडी वळवून मी गावाकडे तोंड केलं. पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदा उडी मारून बंद पडली. "क्लच सोडतेस की पाल झटकतेस?" मागून आवाज. तिसऱ्यांदा निघाली, पहिल्याच गिअरमध्ये किंचाळत. "दुसरा टाक. अगं, दुसरा! मूठ खाली फिरव. ब्रेक पायात आहे, पायात. आरसे काय केस बघायला बसवलेत?" वाटभर त्यांची बडबड चालू होती आणि मला ती हवी होती. ती थांबली असती तर मी गाडी बावखलात घातली असती. त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर होता. स्वतःच्या स्कूटरवर ते मागे बसल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना पाय कुठे ठेवायचे ते माहीत नव्हतं, ते अधांतरी धरले होते.

आई फाटकात उभी होती, डोळ्यांवर हाताची सावली धरून. लांबून गाडी दिसली तशी ती हसली. मग पुढे कोण बसलंय ते तिला दिसलं.

"काय केलंस तू त्यांना?" मी थांबायच्या आधीच ती माझ्यावर तुटून पडली. किल्ली काढून घे म्हणून कुजबुजणारी हीच बाई. "काय बोललीस? चांगले हसत गेले होते."

"आई, मी काही..."

"बोललीच असशील! तुझं तोंड मला माहीत नाय?"

"ती काही नाही बोलली," बाबा म्हणाले. ते सावकाश उतरले, हेल्मेट काढून आईच्या हातात दिलं. "गाडी चांगली झाली आहे. मीच नको म्हटलं आता."

"एवढ्यात कशाला नको?" आईचा आवाज फाटला. "पहिलाच दिवस आज. सवय गेली असंल. उद्या परत जाऊन बघा. मी बसते मागे."

 बाबांनी तिच्या हातावर दोनदा थोपटलं आणि ते अंगणातल्या नळावर गेले. बाह्या वर केल्या, साबण घेतला आणि हात धुवायला लागले, कोपरापर्यंत, नखं घासून, कारखान्यातून शेवटची पाळी संपवून निघालेला माणूस धुतो तसे. धूत राहिले. आई दोरीवरचा टॉवेल घेऊन त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.